ओढा हिरवा कसा झाला

किडेमास्तरांनी मोजणीबाईंना लग्नाचं विचारलं ते ओढ्यात उभं राहून. दोघांच्याही पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, बाईंच्या हातात रिकामी बादली आणि मास्तरांच्या खांद्यावर बाटल्यांची पेटी. विचारलं, आणि उत्तरासाठी क्षणभरही न थांबता "मी खालच्या पुलाकडे निघतो" म्हणून ते चालूही लागले. पळून गेले असं कुणी म्हणेल, आणि ते अगदीच खोटं नाही. पण कामही तसंच होतं. बाईंनी वरच्या पुलापाशी पाण्यात रंग सोडायचा, मास्तरांनी खालच्या पुलापाशी उभं राहून ते पाणी बाटल्यांत भरून घ्यायचं. मधल्या वळणांमुळे एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. आयुष्यातला अवघड प्रश्न विचारून लगेच नाहीसं व्हायला याहून सोयीची नोकरी शोधून सापडणार नाही.

दोघंही शहराच्या पाणीखात्यात, सगळ्यात मागच्या खोलीत बसायची. खोलीच्या खिडकीकडच्या अर्ध्या भागात बाईंचं राज्य. भिंतीला टेकवलेल्या मोजपट्ट्या, गळ्यात अडकवायचं स्टॉपवॉच, पाण्यात धरलं की गिरगिरणारं चिमुकल्या पंख्याचं यंत्र. ओढ्यातून पाणी किती वाहतं, तळ्यांत किती येतं आणि किती निघून जातं, हे बाईंनी सांगायचं. दाराकडचा अर्धा भाग मास्तरांचा. तिथे पांढरे ट्रे, चिमटे, जाळी, एक सूक्ष्मदर्शक आणि बरण्यांमधून वळवळणारी त्यांची प्रजा. त्या पाण्यात कोण कोण राहतं, आणि सुखात नांदतं की कसेबसे दिवस काढतं, हे त्यांनी सांगायचं. मास्तर खरं म्हणजे कुठल्याच शाळेतले नव्हते. पण कुणी सहज "पाणी बरं आहे का हो?" असं विचारलं तरी ते फळ्यावाचून अख्खा तास घ्यायचे, म्हणून खात्यानंच त्यांना मास्तर करून टाकलं होतं.

त्यांना पहिल्यांदा काम करताना पाहिलं तेव्हा हसू दाबता दाबता बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ओढ्यातले किडे पकडायची एक रीत असते. जाळं पाण्यात उभं धरायचं आणि त्याच्या वरच्या अंगाला उभं राहून टाचांनी तळाचे दगड ढवळायचे, म्हणजे दगडांखाली दडून बसलेली मंडळी सुटून आपसूक जाळ्यात येतात. आता हे काम कुणी बेतानंही करू शकेल. मास्तर जीव ओतून करायचे. कोपर बाहेर काढून, जीभ दातांत धरून, जाग्यावर गोल गोल फिरत. बालवाडीच्या स्नेहसंमेलनात मागच्या रांगेतलं एखादं पोर नाचतं ना, संगीताशी काही घेणंदेणं नसल्यासारखं, तसं. मग जाळं ट्रेमध्ये उलटं करून ते बाईंना हाक मारायचे. एकदा त्यांनी चिमट्यानं एक काडीसारखी वस्तू उचलली. ती काडी चालू लागली. वाळूचे कण आणि गोगलगायीच्या शंखाचा एक तुकडा अंगाभोवती चिकटवून एका अळीनं स्वतःला खोली बांधली होती. "भाड्याची नाही, स्वतःची," मास्तर म्हणाले, "आणि अंग वाढलं की पुढे आणखी बांधकाम काढते. परवानगी नाही, काही नाही." तोवर बाईंना पाणी म्हणजे आकडा होता. त्या दिवसापासून आकड्याच्या आत कुणीतरी राहायला आलं.

पुढचं सगळं हळूहळू, ज्याला कुणी नाव ठेवू नये अशा बेतानं झालं. आधी चहा एकत्र, मग डबा एकत्र. मग एक दिवस बाईंच्या टेबलावर एका बरणीत पाणगोगलगाय आली. सोबतीला, म्हणे. दुसऱ्या एखाद्या बाईनं किंकाळी फोडली असती. मोजणीबाईंनी तिला पालकाचं पान घातलं आणि बरणी घरी नेली.

घरी सासूबाई होत्या. बाईंचा नवरा गेला त्याला बरीच वर्षं झाली, आणि तेव्हापासून त्या दोघीच एका जिन्यावरच्या दोन खोल्यांत राहत होत्या. एकमेकींवर ओरडत, एकमेकींची औषधं लक्षात ठेवत. सासूबाईंनी गोगलगाय पाहिली, "हिला खायला काय लागतं?" एवढंच विचारलं आणि बरणी खिडकीत ठेवली. कुणी दिली, ते विचारलं नाही. बाईंना ते बरंच वाटलं, आणि थोडं भीतीदायकही. कारण सासूबाई ज्याबद्दल विचारत नाहीत ते त्यांना ठाऊक असतं, असा आजवरचा अनुभव होता.

तर तो रंगाचा दिवस. झालं होतं असं, की वरच्या पुलापाशी ओढ्यात जेवढं पाणी असायचं तेवढं खालच्या पुलापर्यंत पोचायचंच नाही. मध्ये कुणाचा पंप नाही, पाट नाही, तरी पाणी वाटेत कुठेतरी गळत होतं. बाईंनी पुन्हा पुन्हा मोजलं. साहेबांनी आधी यंत्र तपासायला सांगितलं, मग चष्मा. चष्म्याचं बाईंना लागलं. शेवटी ठरलं, की वर मापून रंग सोडायचा आणि खाली किती पोचतो ते पाहायचं. रंग म्हणजे पूड. बरणीत विटकरी दिसते, पाण्यात पडली की हिरवीगार. माशांना, किड्यांना, माणसांना तिचा काही त्रास नाही. आणि लागते ती इतकीशी, की एक छोटं मापभर पूड बादलीत कालवली तर अख्ख्या ओढ्याला पुरते. डोळ्यांना धड दिसतही नाही, यंत्रालाच कळते.

मास्तर वळणामागे दिसेनासे झाले, आणि बाईंनी बादली भरून काठावर ठेवली. बरणी उघडली. एक माप पूड घेतली. "हो म्हणावं," त्यांच्या मनात आलं, आणि हात बादलीकडे गेला. मग सासूबाईंचा चेहरा समोर उभा राहिला. या वयात त्यांना एकटं टाकून जायचं? नाही म्हणावं. एव्हाना माप पुन्हा बरणीत गेलं होतं आणि भरून वर आलं होतं. पूड टाकली होती का? भाजीत मीठ घातलं की नाही हे जसं उभ्या उभ्या आठवेनासं होतं, तसं झालं. चव बघायची सोय नव्हती. टाकली नसणार, असं समजून त्यांनी टाकली. मग मास्तरांची दातांत धरलेली जीभ आठवली, आणि हो. मग शेजारीपाजारी काय म्हणतील, आणि नाही. शेजाऱ्यांना काय कळतंय, हो. केस पांढरे व्हायला लागल्यावर हे काय भलतंच, नाही. प्रत्येक हो-नाहीबरोबर हात आपला बरणीतून बादलीत आणि बादलीतून बरणीत. नोकरीत इतकी वर्षं ज्या हातानं कधी केसभर चूक केली नाही तो हात त्या सकाळी कुणाचाच नव्हता. शेवटी माप बरणीच्या तळाशी खरवडलं, तेव्हा बाई भानावर आल्या. आणि भानावर आल्या त्या अशा, की दचकून बादलीला पाय लागला आणि बादली ओढ्यात उपडी झाली.

पाणी आधी काळपट झालं. मग त्याच्या कडा उजळल्या. मग जणू तळातून कुणी दिवा लावल्यासारखा ओढा हिरवा झाला. साधा हिरवा नाही, गवताचा नाही, शेवाळाचा तर नाहीच. लहान मुलांच्या गोळ्यांचा असतो तसला निर्लज्ज, ओरडणारा हिरवा. वळणावर तो दगडाला आपटून दुभंगला, पुन्हा एक झाला आणि ऐटीत पुढे निघाला. एरवी त्या ओढ्यात पाणी कुठून जातं, कुठे रेंगाळतं, कुठे मागे वळून गिरकी घेतं, हे बाई आकड्यांवरून ओळखायच्या. आज एकेक भोवरा उघड दिसत होता. काठाच्या मुळांतून शिरणारी बारीक धार दिसत होती. पांढरी बदकं रांगेत आली ती कमरेखाली हिरवी होऊन गेली. कुणाचा तरी पांढरा कुत्रा पाण्यात उतरला, आणि बाहेर आल्यावर त्याचा मालक त्याला ओळख दाखवायला तयार होईना.

बाईंना हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून. नोकरी जाणार हे दिसत होतं, आणि हसू आवरत नव्हतं. पुलाचा कठडा धरून त्या उभ्या राहिल्या, डोळे पुसले, आणि हाताकडे पाहिलं तर हातही हिरवे. म्हणजे आता तोंडही. मग तर हसण्याला धरबंध राहिला नाही.

फोन वाजला. मास्तर. त्यांनी अतिशय सभ्यपणे विचारलं, की बाई, माप किती टाकलंत. बाई म्हणाल्या, बरणी. मग मास्तर म्हणाले की इथे अजून पोचलं नाही, पण वरून येणारे लोक पळत येतायत. प्रश्नाबद्दल ते काहीच बोलले नाहीत. बाईही बोलल्या नाहीत. दोघांनी फोन ठेवला.

लगेच साहेबांचा. त्यांच्याकडे एकाच वेळी तीन ठिकाणांहून तक्रारी आल्या होत्या आणि त्यांचा आवाज चिरकला होता.

"आधी बंद करा ते."

"काय बंद करू, साहेब?"

"ओढा."

"तो आपण चालू केलेला नाही, साहेब."

रंग निरुपद्रवी आहे, दुपारपर्यंत वाहून जाईल, हे बाईंनी त्यांना समजावलं. साहेब म्हणाले ते सगळं ठीक आहे, पण ओढ्याचं एक वेळ समजू शकतो, तळं कसं हिरवं झालं? तिथे बायका आहेत पाण्यात.

बाईंनी घाईनं फोन ठेवला, कारण त्या बायकांत सासूबाई होत्या.

ते तळं ओढ्याच्या बांधापलीकडे. सासूबाई आणि त्यांच्या मैत्रिणींचं मंडळ तिथे रोज सकाळी पोहायला जाई. म्हणजे पोहत कमी. गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहून बोलत जास्त. ओढ्याचा आणि या तळ्याचा काही संबंध नाही, तळ्याला आतून स्वतःचा झरा आहे, हा मंडळाचा अभिमानाचा विषय होता. ओढ्याचं नाव काढलं तरी त्या नाक मुरडायच्या. गावाचं धुऊन आलेलं पाणी ते, आमचं कसं थेट जमिनीतून.

बाई बूट फदफदवत बांध चढल्या. वरून पाहिलं, आणि भ्यावं की हसावं हे न कळून त्या खाली बसल्या. तळ्याच्या भिंतीतल्या दगडांच्या फटींतून हिरवे ढग निवांत आत येत होते. पायऱ्यांवर मंडळ उभं होतं, ओळीनं, गळ्यापासून खाली हिरवं आणि वर रागानं लाल. मध्यभागी सासूबाई, खांद्यावर टॉवेल, ताठ. भाजीबाजारात पाल्यासकट लाल मुळे रचून ठेवतात तसं, फक्त उलटं.

बाईंच्या डोक्यात मात्र त्याच क्षणी दुसराच प्रकाश पडला. हरवलेलं पाणी इथे येत होतं. बांधाखालून, दगडांमधून. मंडळाचा झरा म्हणजे ओढाच होता. एक मापभर पूड टाकली असती तर खालच्या पुलावर कमी पोचली एवढंच कळलं असतं; तळ्यात बघायला कुणी गेलं नसतं. हे कसं सांगावं या विचारात त्या खाली उतरल्या, माफी मागितली, रंग दोन-तीन वेळा साबण लावला की जाईल असं सांगितलं, आणि पाण्याचा उगमही सांगून टाकला. हिरवं होण्यापेक्षा हे मंडळाला जास्त झोंबलं. एवढी वर्षं आपण ओढ्यात उभ्या होतो? कुणीतरी लगेच अंगावर पाणी घ्यायला धावली. बाकीच्या तिच्यामागे. सासूबाई तेवढ्या पायरीवर बसल्या आणि सुनेला शेजारी बसवलं.

"तू पूड जास्त टाकलीस," त्या म्हणाल्या. "तू. चिमूटभर हळद सांडली तर वेचून घेणारी. झालं काय?"

बाईंनी काठाकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं. मग सांगितलं. मास्तरांनी विचारलंय. काय विचारलंय ते सासूबाईंनी विचारलं नाही.

"मग? काय म्हणालीस?"

"अजून काही नाही. नाहीच म्हणणार आहे, आई. तुम्हाला सोडून मी कुठे—"

"थांब." सासूबाईंनी हिरवा हात वर केला. "नाही म्हणायचंय ना, खुशाल म्हण. पण तुझ्या तोंडानं म्हण. माझ्या नावावर खपवू नकोस. उद्या तू खिडकीत बसून सुस्कारे टाकणार आणि मी त्याचं कारण म्हणून समोर बसणार. मला नाही जमायचं."

सासूबाई टॉवेलाचं टोक पिळत राहिल्या. पिळायला त्यात काही नव्हतं.

"माझा मुलगा तुला हसवायचा," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "तो गेल्यावर हसणंच बंद झालं घरातलं. आता गेले काही महिने तू भांडी घासताना एकटीच हसतेस. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला की काय. मग ती गोगलगाय आली, तेव्हा उलगडलं." त्यांचा आवाज जरासा हलला, आणि तो हलल्याचा त्यांना राग आला. "आणि मला सोडून जायची भाषा कुठून आली? मी कुठे जाणार नाही. तूही नाही. त्यालाच येऊ दे. खोल्या माझ्या आहेत."

मग आपलं काय म्हणणं आहे, असं बाईंनी स्वतःला पहिल्यांदाच विचारलं. आतापर्यंत त्या सासूबाईंचं, शेजाऱ्यांचं, वयाचं म्हणणं ऐकत होत्या. ही सगळी माणसं बाजूला काढली तर मागे काय उरतं? मागे दातांत जीभ धरून पाण्यात गोल गोल नाचणारा एक माणूस उरत होता, आणि तो थांबू नये असं वाटत होतं. एवढंच. इतकं सोपं होतं तर बरणीभर पूड कशाला खर्ची पडली, देव जाणे.

बाई उठल्या. उठल्या आणि पळत सुटल्या. पन्नाशीला आलेली, रबरी बूट घातलेली, तोंडापर्यंत हिरवी झालेली बाई ओढ्याकाठून पळताना कशी दिसते याची त्यांना पुरेपूर कल्पना होती, आणि त्या क्षणी त्यांना त्याची बिलकूल पर्वा नव्हती. मागून सासूबाईंचा आवाज आला, की माझ्यासाठी थांब, मला बघायचंय. ओढा शेजारून त्यांच्याच वेगानं धावत होता, कधी थोडा पुढे, कधी थोडा मागे, आणि चक्क जिंकायला बघत होता.

खालच्या पुलाखाली मास्तर मांडीपर्यंत पाण्यात उभे होते. रंग पोचला होता. पुलावर बघ्यांची गर्दी, आणि ते मान वर न करता बाटली बुडवत, बूच लावत, पेटीत ठेवत, पुढची घेत. ठरल्या वेळी बाटली भरलीच पाहिजे, जग हिरवं झालं तरी. बाईंना पाहताच त्यांचा चेहरा पडला. नकार घेऊन आल्या, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. म्हणून ते भरभर बोलू लागले. रंग अपेक्षेपेक्षा उशिरा आला, म्हणजे मध्ये कुठेतरी तो मुरतोय, आणि किड्यांना काही झालेलं नाही, दोन दगड उलटून पाहिले, सगळे जागच्या जागी आहेत, फक्त जरा आश्चर्यचकित दिसतात, आणि सकाळी मी बोललो ते बाईंनी मनावर घेऊ नये, कामाच्या वेळी तसं विचारणं—

बाई सरळ पाण्यात उतरल्या. बुटांच्या वरून पाणी आत गेलं.

"मी लग्न करते तुमच्याशी," त्या म्हणाल्या.

मास्तरांच्या हातातली बाटली भरली, भरून वाहू लागली, आणि ते तिच्याकडे नुसते बघत राहिले. मग त्यांनी बूच लावलं. उलटं. वरून पुलावरच्या कुणीतरी विचारलं की काय झालं, पाणी विषारी निघालं का.

"लग्न ठरलं," असं उत्तर पुलावरूनच आलं. सासूबाई पोचल्या होत्या, एका हातानं कठडा आणि एका हातानं बरगडी धरून. हिरव्या पायांत चपला, डोक्याला टॉवेल. गर्दी आदरानं बाजूला झाली. तसल्या रंगाच्या माणसाला कोण अडवणार. धाप लागली होती तरी त्यांनी चौकशीला सुरुवात केली. घोरता का. चहा किती वेळा. आणि ते वळवळणारं सगळं, ते ऑफिसातच राहणार ना?

मास्तर म्हणाले, बहुतेक सगळं ऑफिसातच. मग त्यांना खोटं बोलवेना. एक काचेची टाकी घरी असते, म्हणाले. खिडकीत ठेवावी लागते. थोडी पाणवनस्पती, थोडे किडे. एका कोपऱ्यात बसलेली असते, कुणाला काही म्हणत नाही.

"केवढी?"

मास्तरांनी पाण्यात उभ्या उभ्या दोन्ही हात पसरून दाखवले, जवळजवळ खांद्यांइतके. सासूबाईंनी पुलावरून मान हलवली. त्यांनी हात थोडे जवळ आणले. पुन्हा मान हलली. बाईंनी दोघांकडे पाहिलं, पुढची बाटली उचलून पाण्यात बुडवली, कारण वेळ झाली होती, आणि ती भरेपर्यंत मास्तरांचे हात बोट बोट सरकत एकमेकांकडे येत राहिले.

"अजून," सासूबाई म्हणाल्या. "अजून. आत आणा जरा."